तळटीप : ‘गिधाडे’तला निळा डाग

* निळा डाग : विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ श्रीराम लागूंनी १९७० साली रंगमंचावर आणले. या नाटकात माणिक या पात्राचे सख्खे भाऊ तिच्या पोटात लाथ घालून गर्भ पाडतात. त्यानंतर तिच्या साडीवर दिसणाऱ्या लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. मारहाणीपेक्षा तो डागच अधिक खुपावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नाटकमंडळींनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगून टाकले की, निळा दिसेल तो लालच समजावा. म्हणजे जे झाकायचे होते, त्याकडे पडदा उघडण्यापूर्वीच अख्ख्या नाट्यगृहाचे लक्ष वेधले गेले. या प्रसंगाचा धक्का सवंग नव्हता. पैशापायी घर किती सडते हे त्याविना दाखवताच आले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे. — संपादक