हत्तीपायाची कुळकथा

पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येतं, हे शेतात राबणाऱ्याला सांगावं लागत नाही. डॉक्टर त्यालाच लसीकाग्रंथीची सूज म्हणतात. काटा निघाला, जखम भरली की अवधाण बसतं. पण लसीकावाहिन्यांत जंतांनीच ठाण मांडलं तर लसीकेचा निचरा बिघडतो, वर्षानुवर्षांत पाय सुजत जातो आणि शेवटी ती सूज उतरेनाशी होते. हाच हत्तीपाय. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे राज्यातल्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत मोडतात.

या रोगाचं आपल्याकडचं जुनं नाव श्लीपद. जिथं जुनं पाणी साचून राहतं आणि सगळ्या ऋतूंत गारवा असतो, त्या प्रदेशांत तो होतो, असं सुश्रुतसंहितेत नोंदवलेलं आहे. अरबी वैद्यकात तो ‘दाउल-फील’, म्हणजे हत्तीचा रोग झाला. युनानी हकिमांच्या उर्दूत ‘फीलपा’. युरोपात मात्र घोळ झाला. ग्रीक वैद्य ‘एलिफंटियासिस’ म्हणत ते कुष्ठरोगाला. अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा दाउल-फीललाही हेच नाव मिळालं आणि दोन निराळे रोग शतकानुशतकं एकमेकांत मिसळले.

हा गुंता सोडवला सूक्ष्मदर्शकानं. १८७२ साली कलकत्त्यात टिमथी लुईस यांना माणसाच्या रक्तात धाग्यासारखे सूक्ष्म जंत दिसले. लॅटिनमधल्या धाग्यावरूनच ‘फायलेरिया’ हे नाव आलं. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात जोसेफ बँक्रॉफ्ट यांना पूर्ण वाढलेला जंत सापडला. १८७७ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी हे जंत डासाच्या शरीरात वाढतात, हे दाखवलं. क्युलेक्स जातीचा हा डास गटारात आणि साचलेल्या घाण पाण्यात अंडी घालतो. सुश्रुतांनी बोट ठेवलं होतं ते साचलेल्या पाण्यावरच.

लुईस यांना रक्तात दिसले ते बाल जंत. ते दिवसा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री कातडीलगतच्या रक्तात उतरतात. म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री साडेआठनंतर दारात येतात, बोटाला सुई टोचतात आणि रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरतात. धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या थेंबातही जंत निघतात. हत्तीपाय हे नाव रोगाच्या अखेरच्या अवस्थेचं आहे, आणि पाय चांगला आहे म्हणून हत्तीरोगाच्या गोळ्या नाकारणारे या नावालाच फसतात.

तेव्हा गोळ्यांची मोहीम गावात आली की जेवण करून, कर्मचाऱ्यासमोरच गोळ्या गिळा. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी माणसं सोडून घरातल्या सगळ्यांनी घ्या. गोळ्यांनी रक्तातले जंत मरतात आणि डासामार्फत शेजाऱ्यापर्यंत पोचणारा रोग थांबतो. हत्तीसारखा झालेला पाय मात्र त्या गोळ्या पूर्ववत करू शकत नाहीत.