एका तारेवरचे स्वर

एकच स्वर लागोपाठ दोनदा हवा असेल तर पट्टीवरील बोट आधी उचलावे लागते, हे ऑर्गन वाजविणारास कोणी शिकवावे लागत नाही. संगणकाच्या संगीतात बोट नसते. असतो केवळ संदेशांचा क्रम.

१९८१ साली अमेरिकेतील डेव्ह स्मिथ व चेट वुड यांनी निरनिराळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये परस्परांशी जोडण्याची योजना मांडली. जपानच्या इकुतारो काकेहाशी यांच्याही मनात तेच होते. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका प्रदर्शनात प्रॉफेट-६०० व ज्युपिटर-६ ही वाद्ये जोडून दाखविण्यात आली. या पद्धतीचे नाव 'मिडी'.

तिच्या तारेवरून सेकंदास ३१,२५० बिट जातात. एका स्वराच्या आरंभाचा संदेश तीन बाइटांचा. त्यास सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो. म्हणजे चार स्वरांचा मेळ खरोखर एकदम वाजतच नाही. स्वर रांगेने येतात, कानास ते कळत नाही इतकेच. १९८८ च्या फाइल-पद्धतीत प्रत्येक संदेशाआधी मागील संदेशापासूनचे अंतर लिहितात. अंतर शून्य असले तरी रांग ही राहतेच.

आमच्या गायनवृंदासाठी मी चार आवाजांची साथ संगणकावर लिहिली, सर्व आवाज एकाच वाहिनीवर. सोप्रानोचा 'सोल' जेथे संपे तेथेच आल्टोचा 'सोल' सुरू व्हावयाचा, आणि नेमका तो ऐकू येत नसे. मुले स्वर साथीवरून उचलतात. त्यांची ओळ तेथे दरवेळी ढासळे. तीन संध्याकाळ मी त्यांनाच रागावलो! अखेर संदेशांची यादी वाचली. दोन्ही संदेश एकाच क्षणाचे, परंतु आल्टोचा आरंभ आधी व सोप्रानोचा शेवट नंतर. शेवट कोणाचा हे वाद्यास कोठून ठाऊक? त्याने नवा स्वरच मिटविला.

मी नियम केला : एकाच क्षणी शेवट आधी, आरंभ नंतर. दुसऱ्या दिवशी अलंकाराचा एक इवलासा स्वर सुरू झाला तो वीज बंद करीपर्यंत थांबेना. काळ पूर्णांकांत बसविताना त्याची लांबी शून्य झाली होती. माझ्या नियमाने त्याचा शेवट त्याच्याच आरंभापुढे नेऊन ठेवला होता. मात्रेचे ४८० भाग करण्याची रीत रूढ आहे. त्यांतील एक भाग तरी प्रत्येक स्वरास देणे मला भाग पडले. मुलांजवळ चूक कबूल केली ती त्यानंतर.