पिसे एकीकडे, गळ दुसरीकडे : ट्यूब फ्लायचा इतिहास

वाहत्या नदीत काठी, दोर आणि गळ यांच्या साहाय्याने मासे धरण्याच्या युरोपीय परंपरेत ‘फ्लाय’ म्हणजे पिसे, केस, लोकर आणि चकाकती धातूची तार गळाच्या दांड्यावर रेशमी दोऱ्याने बांधून तयार केलेले कृत्रिम आमिष होय, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे आमिष व गळ या दोन निराळ्या वस्तू असू शकतात, हा विचार या कलेच्या जाणकारांच्याही मनात फारसा आलेला नव्हता. जॉर्ज केल्सन यांच्या ‘द सॅमन फ्लाय’ या १८९५ सालच्या ग्रंथात अटलांटिक सॅमनसाठीच्या फ्लायचे जे असंख्य प्रकार वर्णिले आहेत, ते सारे गळाच्या लांब दांड्यावरच बांधलेले आहेत. व्हिक्टोरियन ब्रिटनने या दांड्यावर साम्राज्यभरातील पक्षी आणून बसवले आणि त्या शृंगारात सह्याद्रीचाही वाटा होता. पश्चिम घाटाच्या जंगलांत राहणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरील काळसर पिसांच्या टोकांना लाखेसारखे चकचकीत, पांढरट-पिवळे ठिपके असतात. ही पिसे ब्रिटिश बाजारात ‘जंगल कॉक’ या नावाने विकली जात आणि फ्लायच्या दोन्ही गालांवर माशाच्या डोळ्यांप्रमाणे बसवली जात. एका कोंबड्याच्या मानेवर उपयोगी पडतील अशी पिसे थोडीच असल्याने त्या हौसेसाठी किती पक्षी मारले गेले असतील, याचा विचार या कलेच्या सौंदर्याबद्दल बोलताना टाळता येत नाही.

या सुंदर वस्तूत एक यांत्रिक दोष होता. मोठी, गढूळ आणि थंड नदी असेल तर माशाला दिसण्यासाठी फ्लाय मोठी हवी, फ्लाय मोठी तर दांडा लांब, आणि दांडा लांब झाला की तो तरफेसारखा वागू लागतो: गळ जबड्यात रुतल्यावर मासा डोके झटकतो, तेव्हा लांब दांड्याच्या दुसऱ्या टोकावर पडणारा जोर रुतलेल्या टोकाला उपटून काढतो. शिवाय फ्लाय गळाशी जखडलेली असल्याने माशाच्या दातांखाली ती लवकर विस्कटे, आणि गळ बोथट झाला किंवा गंजला की तासन्‌तास खपून केलेले काम त्याच्यासह टाकून द्यावे लागे. रिचर्ड वॉडिंग्टन यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस धातूच्या बिनटोकाच्या दांड्यावर पिसे बांधून त्याच्या शेपटाला लहान तिहेरी गळ, म्हणजे एकाच बुंध्यातून तीन टोके फुटलेला गळ, सैलसर अडकवण्याची पद्धत पुढे आणली, ती या दोषावरचाच उपाय होती.

त्याहून साधा आणि पुढे अधिक टिकलेला उपाय स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन शहरात सापडला होता. तेथील प्लेफेअर अँड कंपनी या शिकार-मासेमारीच्या साहित्याच्या दुकानासाठी फ्लाय बांधणाऱ्या विनी मोराव्स्की यांनी साधारण १९४५ साली टर्कीच्या पिसाचा दांडा पोखरून त्याचे नळीसारखे तुकडे केले आणि गळाऐवजी या पोकळ तुकड्यांवर केस व पिसे बांधली, असे या विषयाचे अभ्यासक मानतात. डॉ. विल्यम मिची या वैद्यांनी पिसाच्या ठिसूळ दांड्याऐवजी शस्त्रक्रियेत वापरली जाणारी, टाकून दिलेली प्लास्टिकची नळी घेण्याचे सुचवले आणि नळीवर बांधलेल्या या फ्लायला, म्हणजेच ट्यूब फ्लायला, तिचे आजचे रूप मिळाले. ब्रिटनमध्ये फ्लाय बांधण्याचा धंदा मोठ्या प्रमाणावर स्त्री कारागिरांच्या हातात होता, मात्र फ्लायच्या प्रकारांना नावे मिळत ती बहुधा त्या पाण्यात सोडणाऱ्या जमीनदार, लष्करी अधिकारी आणि नदीरक्षक पुरुषांची. उत्तर स्कॉटलंडमधील ब्रोरा येथे आयुष्यभर फ्लाय बांधणाऱ्या मेगन बॉइड यांना १९७१ साली ब्रिटिश एम्पायर पदक मिळाले, तरी त्याच परिसरातून प्रसिद्धीस आलेली आणि पुढे नळीवर मोठ्या प्रमाणावर बांधली गेलेली फ्लाय ओळखली जाते ती विली गन या नदीरक्षकाच्या नावाने. मोराव्स्की यांचे नाव शिल्लक राहिले, हा या इतिहासातला भाग्याचा अपवाद मानावा लागेल.

नळीची रचना सांगायला सोपी आहे. मासेमारीच्या मुख्य दोराच्या टोकाला जो बारीक, पारदर्शक दोर जोडलेला असतो, त्याला लीडर म्हणतात. हा लीडर नळीच्या तोंडातून घालून शेपटाकडून बाहेर काढला जातो आणि त्याला लहान आखूड गळ बांधून गळाचे नेढे नळीच्या मागील टोकावर चढवलेल्या मऊ सिलिकॉनच्या तुकड्यात खोचले जाते. मासा लागला की गळ त्या खोचणीतून सुटतो, फ्लाय लीडरवरून वर सरकून दातांपासून दूर जाते आणि माशाच्या जबड्यात उरतो तो फक्त आखूड गळ, ज्याला तरफ म्हणून वापरण्याइतकी लांबीच नसते. गळ बोथट झाला तर तेवढाच बदलायचा. नळी प्लास्टिकची असेल तर फ्लाय पृष्ठभागाजवळ राहते, अ‍ॅल्युमिनियमची थोडी खाली जाते, पितळेची किंवा तांब्याची तळाशी उतरते, आणि धातूच्या कडेने लीडर कापला जाऊ नये म्हणून आत प्लास्टिकचे अस्तर घातलेले असते.

स्कॉटलंडमधील सुरुवातीच्या नळ्यांवर केस चहूबाजूंनी सारखे बांधलेले असत, त्यामुळे फ्लायला पाठ आणि पोट असा भेद नव्हता. स्कँडिनेव्हियात हा भेद निर्माण झाला. स्वीडनच्या होकान नोर्लिंग यांच्या ‘टेम्पलडॉग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीत लांब, मऊ केस नळीच्या वरच्या बाजूलाच थरांनी बांधले जातात आणि खाली लोंबणारा गळ होडीच्या तळकण्याप्रमाणे फ्लायला सरळ धरतो.

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर ही नळी ज्या माशासाठी विशेष नावारूपाला आली, तो स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउट होय. नदीत जन्मून काही वर्षे गोड्या पाण्यात काढायची, मग समुद्रात वाढायचे आणि अंडी घालण्यासाठी जन्मनदीत परतायचे, असा त्याचा जीवनक्रम आहे. १९८९ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याला अटलांटिक सॅमनच्या ‘साल्मो’ प्रजातीतून काढून पॅसिफिक सॅमनच्या ‘ऑन्कोरिंकस’ प्रजातीत घातले, तरी एका बाबतीत तो आपल्या या नव्या भावंडांहून वेगळा आहे: पॅसिफिक सॅमनच्या बहुतेक जाती अंडी घालून मरतात, स्टीलहेडपैकी काही मात्र जगतात, समुद्राकडे जातात आणि पुन्हा अंडी घालण्यासाठी येतात. या माशासाठी सुरुवातीला वापरल्या जाणाऱ्या फ्लाय ब्रिटिश फ्लायच्या तुलनेत ओबडधोबड होत्या, हरणाच्या शेपटीचे केस आणि ध्रुवीय अस्वलाचे चमकदार केस ही त्यांची मुख्य सामग्री होती. वॉशिंग्टन राज्यातील मॅक्लाउड पितापुत्रांची ‘स्कायकोमिश सनराइझ’, सिड ग्लासो यांनी स्कॉटलंडच्या स्पे नदीची शैली आपल्या नद्यांना जुळवून घेत बांधलेल्या देखण्या फ्लाय, ही सारी परंपरा गळाच्या दांड्यावरचीच होती. पुढे लेस जॉन्सन आणि मार्क मँडेल यांनी १९९५ साली ट्यूब फ्लायचा इतिहास आणि कृती एकत्र सांगणारे पुस्तक लिहिले, आणि तेव्हापासून वायव्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर ही पद्धत झपाट्याने पसरली.

हिवाळी स्टीलहेड नदीत शिरतो तेव्हा पाणी अतिशय थंड असते, मासा तळाजवळ संथ पडून राहतो आणि फारसे खात नाही. म्हणून फ्लाय प्रवाहाला आडवी फेकून ती पाण्याच्या जोराने चाप काढत त्याच्यासमोरून सावकाश न्यावी लागते, आणि ती मोठी दिसावी पण फेकताना जड होऊ नये, ही परस्परविरोधी अट पाळावी लागते. एड वॉर्ड, स्कॉट हाउएल आणि जेरी फ्रेंच यांनी १९९०च्या दशकात घडवलेल्या ‘इंट्रूडर’ या फ्लायने ही अट पूर्ण केली. तिच्या मागे आणि पुढे लोकरीची ताठ गुठळी बांधून तिच्यावरून शहामृगाची लांब, विरळ पिसे सोडली जातात. गुठळीच्या आधाराने पिसे प्रवाहात मिटून न जाता फुललेली राहतात आणि थोड्या सामग्रीत मोठा आकार भासतो. मूळ इंट्रूडर नळीवर नव्हती, ती लांब दांड्यावर बांधून तिच्या मागे दोराने वेगळा गळ लोंबवलेला असे, परंतु पिसे एकीकडे आणि गळ दुसरीकडे हे तत्त्व तेच असल्याने ती सहज नळीवर उतरली. अशा बांधणीसाठी वाइस या पकडीत गळाऐवजी बारीक पोलादी सुई घट्ट धरतात, तिच्यावर नळी सरकवतात आणि गुळगुळीत प्लास्टिकवर पिसे फिरू नयेत म्हणून आधी दोऱ्याचे दाट वेढे देतात. नळीचे टोक ज्योतीजवळ नेऊन किंचित वितळवले की कडेला ओठ तयार होतो आणि बांधलेले काम पुढे घसरत नाही.

सामग्रीचा प्रश्न मात्र केवळ कौशल्याचा राहिलेला नव्हता. भारतातून राखी रानकोंबड्याच्या पिसांची निर्यात १९६०च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला देशातही संरक्षण मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत समुद्री सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा होऊन ध्रुवीय अस्वलाच्या केसांचा व्यापार थांबला. फ्लाय बांधणाऱ्यांनी पाळीव पैदाशीतून मिळणारी जंगल कॉकची पिसे, ध्रुवीय कोल्ह्याचे केस, रंगवलेली टर्कीची लव आणि कृत्रिम चमकधागे यांच्याकडे वळावे, हे या दोन निर्णयांनी ठरवले, आणि हा बदल उशिरा झाला असला तरी योग्य झाला.

मासाही संरक्षणाच्या कक्षेत आला. धरणे, जंगलतोड, अतिमासेमारी आणि मत्स्यबीज केंद्रांतून सोडलेल्या माशांची स्पर्धा यांमुळे जंगली स्टीलहेडची संख्या घटत गेली. १९९७ साली त्याच्या काही समूहांना अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली प्रथम संरक्षण मिळाले आणि २००७ साली वॉशिंग्टन राज्यातील प्युजेट साउंडच्या समूहाचाही त्यात समावेश झाला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात आणि नंतर वॉशिंग्टनमध्ये जंगली स्टीलहेड मारण्यावर बंदी आली. अशा नद्यांवर एकाच टोकाचा आणि बिनआकडीचा गळ वापरणे बंधनकारक ठरले. आकडी म्हणजे मासा सुटू नये म्हणून टोकाजवळ ठेवलेला उलटा काटा. मोराव्स्की यांच्या काळी नळीच्या शेपटाला तिहेरी गळ असे, कारण मासा हातचा जाऊ नये हा तिचा हेतू होता. त्याच नळीमागे आता एक लहान, बिनआकडीचा गळ आला, जो जबड्याच्या कडेला थोडाच रुततो, डोळ्यापर्यंत किंवा मेंदूपर्यंत पोहोचण्याचा धोका कमी करतो आणि मासा पाण्यातच ठेवून एका झटक्यात काढता येतो. मोठ्या फ्लायमागे इतका छोटा गळ लावता यावा, ही सोय लांब दांड्याच्या जुन्या फ्लायमध्ये शक्यच नव्हती. वॉशिंग्टनची स्कॅजिट नदी वसंत ऋतूतील मासेमारीला २०१० साली बंद झाली आणि २०१८ साली उघडली, तीही मासा धरून सोडून देण्याच्या अटीवरच. ओरेगॉनच्या नॉर्थ अम्प्क्वा नदीवर काहींनी याही पुढे जाऊन गळाचे टोकच कापून टाकले आहे. स्टीलहेड फ्लायवर झेपावतो, दोराला हिसका बसतो आणि मासा अडकण्यापूर्वीच मोकळा होतो.