आवाजाची ओळख आणि विश्वासाचा आधार : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात दूरध्वनीचा इतिहास

प्रस्तावना

दूरध्वनीचा इतिहास सामान्यतः यंत्रांच्या क्रमाने सांगितला जातो. परंतु प्रत्येक दूरध्वनी-संभाषणामागे तीन प्रश्न असतात : पलीकडे अपेक्षित व्यक्तीच आहे काय, संभाषण तिसऱ्याच्या कानी पडत नाही ना, आणि शब्द स्पष्ट ऐकू येतात काय. या प्रश्नांची जबाबदारी काळानुसार कोणाकडून कोणाकडे गेली, याचा विचार रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांच्या संदर्भात प्रस्तुत निबंधात केला आहे.

केंद्रचालक ते क्रमांक

२८ जानेवारी १८८२ रोजी मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले. १८८५ च्या तार अधिनियमाने संदेशवहनावर शासनाचा अधिकार प्रस्थापित केला. पेण व रोहा हे तालुके त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात होते. १ जानेवारी १९८१ रोजी त्याचे नाव रायगड झाले. ट्रंक कॉलच्या पद्धतीत केंद्रचालक स्वतः दोन ग्राहकांना जोडून देत असे. त्याला संभाषण ऐकणे शक्य होते. त्यामुळे गुप्तता ही त्याच्या सचोटीवर व सेवानियमांवर अवलंबून होती. ओळख पटवण्याचे कामही बऱ्याच अंशी त्याच्याकडेच होते.

१९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर एसटीडी सेवा सुरू झाली आणि मधला माणूस वगळण्याचा प्रारंभ झाला. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने १२८ जोडण्यांचे ग्रामीण स्वयंचलित केंद्र विकसित केले. पेणसाठी ०२१४३ व रोह्यासाठी ०२१९४ असे संकेतांक रूढ झाले. या टप्प्यावर क्रमांक हीच ओळख ठरली. ग्राहकाच्या घरापर्यंत आलेली तांब्याची तार हा तिचा भौतिक पुरावा होता आणि केंद्रातील विद्युतघटांमुळे गावातील वीज गेली तरी साधा दूरध्वनी चालू राहत असे.

जबाबदारीचे हस्तांतर

१ एप्रिल २००२ पासून भारतात इंटरनेट दूरध्वनीस मर्यादित परवानगी मिळाली. जून २०१८ मध्ये परवान्यांतील बदलामुळे नेहमीच्या दूरध्वनी क्रमांकांशीही त्याची जोडणी शक्य झाली. या व्यवस्थेत आवाजाचे लहान लहान तुकडे सामायिक जाळ्यातून प्रवास करतात. तारेने दिलेला ओळखीचा पुरावा येथे उरत नाही. त्याची जागा सुरक्षा प्रमाणपत्र घेते.

प्रमाणपत्रात सर्व्हरचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, वैधतेची मुदत आणि प्रमाणित करणाऱ्या संस्थेची अंकीय स्वाक्षरी असते. दूरध्वनी संच ही स्वाक्षरी आपल्या जवळच्या मूळ प्रमाणपत्राशी पडताळून पाहतो. त्यानंतर कॉल जोडणारे संदेश टीएलएसने, तर प्रत्यक्ष आवाज २००४ मध्ये प्रमाणित झालेल्या एसआरटीपी पद्धतीने कूटबद्ध होतो. नाव जुळत नसेल किंवा मुदत संपली असेल, तर संचाची नोंदणी होत नाही. अशा वेळी पडताळणीच बंद करून टाकण्याचा मोह होतो. मग संभाषण कूटबद्ध राहते. पण ते नेमके कोणाशी चालले आहे याची खात्री नाहीशी होते. कुलूप शाबूत राहावे आणि किल्ली अनोळखी माणसाच्या हाती जावी, अशी ही स्थिती असते.

प्रमाणित करणारी संस्थाही निर्दोष असते असे नाही. १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने अंकीय स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता दिली. तरीही जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या प्रमाणन व्यवस्थेतून गूगलच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि संबंधित प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. केंद्रचालकाच्या सचोटीचा जुना प्रश्न येथे नव्या रूपात पुन्हा उभा राहिला.

आवाजाची मांडणी

१९७२ च्या जी.७११ या मानकात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि त्यास ६४ किलोबिट लागतात. जाळ्यावरील वेष्टनासह हा भार सुमारे ८७ किलोबिट होतो. जी.७२९ या मानकात तो सुमारे ३१ किलोबिटवर येतो, मात्र आवाज काहीसा कृत्रिम होतो. पारंपरिक दूरध्वनी ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा वाहून नेत असे. ‘स’काराची बरीचशी ऊर्जा या पट्ट्याच्या वर असल्याने ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत गफलत होऊ शकते. पेणच्या गणपती कारखान्यांतील मूर्तींची मागणी असो की रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीतील रसायनांचे प्रमाण, अशी गफलत महागात पडणारी आहे. जी.७२२ सारखे ७,००० हर्ट्झपर्यंतचे मानक येथे उपयुक्त ठरते. गुप्ततेमुळे आवाज बिघडतो हा समज मात्र निराधार आहे. एसआरटीपीच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक कॉलमागे सेकंदाला केवळ ४ किलोबिटांची भर पडते.

संकटकाळातील कसोटी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. रायगड जिल्ह्याच्या अनेक भागांत वीज व दूरसंचार दीर्घकाळ विस्कळीत झाले. इंटरनेट दूरध्वनीस संच, राउटर व सर्व्हर या तिन्ही ठिकाणी वीज लागते. शिवाय वीज परतल्यावर संचाचे घड्याळ जुनी तारीख दाखवत असेल, तर वैध प्रमाणपत्रही अवैध ठरते. म्हणून वेळेची स्वयंचलित जुळणी आणि विद्युतघटांचा आधार हा सुरक्षेचाच भाग मानावा लागतो. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. त्यामुळे नूतनीकरण हे वर्षातून एकदा उरकण्याचे काम राहणार नाही.

निष्कर्ष

ओळख, गुप्तता आणि स्पष्टता यांची जबाबदारी प्रथम केंद्रचालकाकडे होती, नंतर दूरसंचार खात्याच्या यंत्रणेकडे गेली आणि इंटरनेट दूरध्वनीत ती स्थानिक कार्यालयाच्या दाराशी आली. यंत्र स्वस्त झाले, पण दक्षतेचा भार वाढला. पेण-रोह्यासारख्या भागांतील महाविद्यालये, सहकारी संस्था व कारखाने यांनी ही मांडणी एखाद्या तंत्रज्ञाच्या मर्जीवर न सोडता तिची लेखी नोंद व नियतकालिक तपासणी ठेवणे अगत्याचे आहे. तार गेली तरी तिने दिलेला विश्वास टिकवणे हे आता वापरकर्त्या संस्थेचेच कर्तव्य ठरते.