पॉइंट गेले, ठिणगी राहिली

जुन्या मोटारीचे बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली, की आत धातूची दोन इवलीशी टोके दिसतात. मेकॅनिक त्यांना ‘सीबी पॉइंट’ म्हणतात. ही टोके क्षणोक्षणी एकमेकांना टेकतात आणि विलग होतात. विलग झाल्यावर त्यांच्यात पडणारी फट बहुतेक गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. एवढ्याशा फटीच्या भरवशावर मोटारींच्या कित्येक पिढ्या धावल्या.

या रचनेचा इतिहास अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहरी सुरू होतो. चार्ल्स केटरिंग हा तरुण अभियंता तेथे दुकानांतील गल्ल्याची यंत्रे विजेवर चालविण्याचे काम करीत असे. एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागील कोठारात त्याने बॅटरीवर चालणारी नवी ज्वलनव्यवस्था सिद्ध केली. 1909 साली दोघांनी ‘डेल्को’ कंपनी स्थापन केली आणि 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांत ही व्यवस्था बसली. तिच्यापुढे प्रतिस्पर्धी मोठा होता. श्टुटगार्टच्या बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड याने 1902 साली तयार केलेला उच्च दाबाचा मॅग्नेटो तेव्हा सर्वमान्य झाला होता. परंतु 1912 च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगचाच विजेचा स्टार्टर आला. पुढे स्टार्टरच्या निमित्ताने बॅटरी घरोघरच्या गाड्यांत शिरली आणि स्वस्त अशा बॅटरी-ज्वलनाचे पारडे जड झाले. खुद्द बॉशनेही 1925 मध्ये तोच मार्ग पत्करला.

या व्यवस्थेचे तत्त्व सोपे आहे. पॉइंट टेकले, की इग्निशन कॉइलमधून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो आणि तेथे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. डिस्ट्रिब्यूटरचा कॅम फिरून पॉइंट उघडताच ते क्षेत्र कोसळते, कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगवर ठिणगी पडते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर हा प्रकार सेकंदाला शंभर वेळा घडतो.

इतकी कामगिरी करणारी वस्तू झिजणारच. कंडेन्सर असूनही टोके हळूहळू जळतात, त्यांच्यावर खाचा पडतात. कॅमवर घासणारी टाच झिजली, की फट अरुंद होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. मग फिलर गेज घालून फट पुन्हा लावावी लागते आणि काही हजार मैलांनी पॉइंट बदलावे लागतात. मालकांनी हा त्रास वर्षानुवर्षे निमूटपणे सोसला.

डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि पॉइंटला पर्याय मिळाला. 1963 च्या सुमारास पाँटिअ‍ॅकसारख्या गाड्यांवर ट्रान्झिस्टरचे ज्वलन जादा पैसे मोजून मिळू लागले. तरीही सामान्य ग्राहकाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पारडे फिरले ते हवेच्या प्रश्नामुळे. ठिणगी चुकली, की न जळलेले इंधन धुराड्यावाटे बाहेर पडते. 1970 च्या अमेरिकी कायद्याने गाडीचा धूर पाच वर्षे किंवा पन्नास हजार मैल मर्यादेत राहावा, असे बंधन घातले. वरचेवर सरकणाऱ्या फटीवर विसंबून तसे वचन देणे कठीण होते. क्रायस्लरने 1973 च्या आपल्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक ज्वलन सरसकट बसविले. 1975 मध्ये जनरल मोटर्सने तेच केले. मालकाच्या सोयीने जे साधले नव्हते, ते शहरांच्या श्वासाने साधले.

जुन्या गाड्यांसाठीही पुढे तयार संच निघाले. त्यांत कॅमच्या दांड्यावर बारीक चुंबकांचे कडे बसते आणि पॉइंटच्या जागी एक बंदिस्त संवेदक येतो. समोरून चुंबक गेला, की तो कॉइलचा प्रवाह तोडतो. स्पर्श होत नाही, म्हणून झीजही नाही. अनेक संच ज्या तत्त्वावर चालतात, ते एडविन हॉल याने बाल्टिमोर येथे 1879 साली शोधले होते, म्हणजे केटरिंगच्या पॉइंटपूर्वी तीस वर्षे!

तथापि या बदलाने सारे दोष जात नाहीत. डिस्ट्रिब्यूटरचा दांडा खिळखिळा असेल, तर तो तसाच राहतो. तारा उलट्या जोडल्यास, अथवा इंजिन बंद असता किल्ली चालू राहिल्यास, नवा भाग जळू शकतो. शिवाय पॉइंट बिघडताना बहुधा आधी सूचना देतात. बंदिस्त डबी एकाएकी मुकी होते.

कुर्ल्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना ही गोष्ट पटेल. रस्त्याकडेला थांबलेल्या टॅक्सीचे पॉइंट पॉलिश पेपरने घासून तिला पुन्हा चालती करणारे हात मुंबईत अनेक होते. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता जुन्या गाड्या हौसेने जपणाऱ्यांपैकी सुज्ञ माणूस नवा संच बसवितो. परंतु काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर कापडात गुंडाळून डिकीत ठेवतो, कारण आडरानात ते लावावयास एक पेचकस पुरतो.