रिसीव्हरच्या किमतीत आवाज किती?

मुळात ॲम्प्लिफायरला रिसीव्हर का म्हणायचं, हे कोडं मला कॉलेजपासून होतं. उत्तर अगदी साधं आहे. त्या डब्यात रेडिओ असतो. टीव्हीचा आवाज पाच स्पीकरांना वाटणाऱ्या यंत्राला आपण अजूनही रेडिओचंच नाव देतो. आडनाव बदललं तरी कुलदैवत तेच :)

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे लोधिवलीच्या घरातला आमचा जुना ५.१ रिसीव्हर. पावसाळ्यात एका रात्री लाइट गेले, आले, पुन्हा गेले आणि तो कायमचा झोपला. दुरुस्तीवाला म्हणाला, बोर्ड मिळत नाही. बाबांनी बजेट जाहीर केलं, "पंधरा हजार. आणि तुझे पैसे यात घालायचे नाहीत." रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस आहे, पेन्शन किती ते मला ठाऊक आहे. म्हणून वाद घातला नाही. पण बाजारात फिरताना एक प्रश्न डोक्यात घोळत राहिला: या किमतीत आवाजाचा वाटा किती, आणि बाकीच्याचा किती?

आता जरा मागे जाऊ. २३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनने इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू केलं. ट्रान्समीटर दीड किलोवॅटचा. क्रिस्टल सेटवर नीट ऐकू येण्याची हद्द साधारण ३० मैल. लोधिवली मुंबईपासून सरळ रेषेत २५ मैलांच्या आसपास, म्हणजे आमचं गाव बरोबर कडेला, पण हद्दीच्या आत! क्रिस्टल सेटला वीज लागत नाही. लांब तार बांधा, कानाला हेडफोन लावा, झालं. पण ऐकायला वर्षाला १० रुपयांचा परवाना लागायचा. १० रुपये ही रक्कम खालापूरच्या भात पिकवणाऱ्या माणसासाठी तेव्हा काय होती, ते वेगळं सांगायला नको.

त्यातले ८० टक्के कंपनीला मिळायचे. शिवाय आयात केलेल्या सेटच्या किमतीवर १० टक्के. ज्या कंपनीला श्रोते वाढवायचे होते तिचंच उत्पन्न श्रोत्याचा सेट महाग करण्यावर बेतलेलं! मार्च १९३० मध्ये कंपनी बुडाली. सरकारने केंद्रं चालवायला घेतली आणि १९३२ मध्ये रेडिओवरची जकात २५ वरून ५० टक्के केली. सेट घेणारा वैतागला असणार, पण त्याच डिसेंबरात बीबीसीची एम्पायर सर्व्हिस सुरू झाली आणि परवाने भराभर वाढले. माणूस ऐकण्यासाठी पैसे मोजतोच, हे सरकारला नीट कळलं. परवान्याची ही पद्धत पुढे १९८० च्या दशकापर्यंत चालली. पोस्टात जाऊन रेडिओचं पुस्तक भरून आणल्याचं घरातल्या जुन्या माणसांना आजही आठवतं.

स्वातंत्र्यानंतर सेट इथे बनू लागले. मर्फीचा कारखाना तर ठाण्यातच होता. पण चांगली हायफाय सामग्री हवी असेल तर आयातबंदी आडवी यायची. मग आखातातून येणारा काका, नाहीतर मुसाफिरखाना. तिथे किमतीत धोक्याचा वाटा. १ एप्रिल २००१ ला आयातीवरची उरलीसुरली संख्यात्मक बंधनं उठली आणि जपानी रिसीव्हर उजळ माथ्याने दुकानात दिसू लागले.

आणि आपण ती सामग्री घ्यायला कुठे जातो? लॅमिंग्टन रोडला. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हामध्ये १९७५ साली ७० एमएमचा 'शोले' लागला. फिल्मवर चुंबकीय पट्ट्यांचे सहा ट्रॅक. पाच पडद्यामागे आणि एक प्रेक्षकांच्या भोवती. नाणं पडल्याचा आवाज ऐकून लोक खुर्चीखाली शोधायचे म्हणतात. आज घरातल्या ५.१ मध्ये पुढे तीन, मागे दोन आणि एक सबवूफर. हिशोब वेगळा, पण गंमत तीच.

बंदी उठली, मग तिची जागा आकड्यांनी घेतली. '१००० वॅट पीएमपीओ' आठवतंय? पीएमपीओला धड व्याख्याच नव्हती. अमेरिकेत ॲम्प्लिफायरचे वॅट कसे मोजायचे याचा नियम १९७४ मध्येच आला होता. आपल्याकडे डब्याच्या मागे बघायचं: पॉवर कंझम्प्शन ६० वॅट. साठ खाणारा हजार कसे ओकणार? शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, म्हणजे जेमतेम कळण्याइतका. हॉलमध्ये नेहमीच्या ऐकण्याला एक-दोन वॅट पुरतात.

वॅटनंतर लोगो आले. डॉल्बी डिजिटल घरात आलं १९९५ मध्ये, लेझरडिस्कवरून. पहिलं एचडीएमआय डिसेंबर २००२ चं, एआरसी २००९ चं, घरगुती ॲटमॉस २०१४ चं. दर वेळी डबा 'जुना' झाला. आतला ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, आउटपुट ट्रान्झिस्टर मात्र तसेच! डॉल्बी डिजिटलच्या मूळ एसी-३ चं पेटंटसुद्धा २०१७ मध्ये संपलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, ॲटमॉस नसेल तर काय मजा?" आमच्या घरावर पत्रा आहे. पावसात वरून येणारा आवाज फुकट मिळतो.

तर मी नवा घेतलाच नाही. २००९ च्या आसपासचा वापरलेला रिसीव्हर, ११ हजार. दुकानात तासभर चालवून बघितला: पाचही चॅनेल, व्हॉल्यूम फिरवताना खरखर येते का, सुरू करताना रिलेची टिकटिक, जळका वास. अशा यंत्रात एचडीएमआय बोर्ड आधी जातो, म्हणून ऑप्टिकल इनपुट आहे ना ते पहिल्यांदा पाहिलं. सगळी उपकरणं टीव्हीला जोडायची, टीव्हीतून ऑप्टिकल वायर रिसीव्हरला, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसीएम काढून डॉल्बी डिजिटल ठेवायचं. पीसीएमवर ठेवलं तर ऑप्टिकलमधून फक्त दोनच चॅनेल येतात आणि मागचे स्पीकर बंद आहेत असं वाटतं. स्पीकर जुनेच, ६ ओहमचे. रिसीव्हरच्या मागे ६ लिहिलंय ना, तेही वाचून घेतलं.

उरलेल्यातले अडीच हजार स्टॅबिलायझरला गेले. बाबांना तो खर्च सगळ्यात जास्त पटला. जुन्या डब्याचा ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. मोहोपाड्यात गणपती मंडळांचे ॲम्प्लिफायर बांधणाऱ्या एकाने तो काढून नेला, चारशे रुपये दिले.