हूकरची मान

२२ नोव्हेंबर २००३, सिडनी. रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना, जादा वेळही संपत आलेला, इंग्लंड १७, ऑस्ट्रेलिया १७. इंग्लंडचा हूकर स्टीव्ह थॉम्पसन सीमारेषेवरून चेंडू लांब फेकतो, थेट रांगेच्या टोकाला उभ्या लुईस मूडीकडे. पुढे तो जॉनी विल्किन्सनपर्यंत पोचतो आणि २०-१७ होतात. सगळ्यांच्या लक्षात राहिली ती विल्किन्सनची किक. मीही कित्येक वर्षं तेवढीच पाहत होतो.

फेकणं हे हूकरचं सोपं काम. अवघड काम स्क्रममध्ये. आठ विरुद्ध आठ अशी रेटारेटी. पहिल्या फळीत तिघं, मधला हूकर. त्याचे दोन्ही हात शेजारच्या प्रॉप्सच्या खांद्यांवर अडकलेले. चेंडू पायाने मागे ओढायचा, म्हणजे ऐन वेळी तो एका पायावर. स्क्रम कोसळला तर टेकायला हातसुद्धा मोकळा नाही.

मी मेकॅनिकलचा, पोटासाठी कोड लिहितो (आमच्या अर्ध्या वर्गाची हीच कथा). स्तंभावर उभा भार वाढवत नेला की तो एका क्षणी अचानक वाकतो, हे आम्ही परीक्षेपुरतं शिकलो. मान किंचित खाली झुकली की तिचा नैसर्गिक बाक जातो आणि मणक्यांचा तसाच सरळ स्तंभ होतो. मागून आपल्यांचा रेटा, समोरून त्यांचा.

१९९५मध्ये खेळ व्यावसायिक झाला. खेळाडू वजनदार झाले, सराव हीच नोकरी झाली. पण स्क्रममध्ये अंतरावरून आदळणं चालूच राहिलं. २००७मध्ये आधी हाताने स्पर्श करून अंतर ठरवायचा नियम आला; आदळण्याआधी प्रॉप्सनी एकमेकांना धरलंच पाहिजे, हा नियम यायला २०१३ उजाडलं. मला हा उशीर अक्षम्य वाटतो. आणि हे नियमही मुख्यतः मानेचा विचार करणारे. रोजच्या सरावात मेंदूला बसणारे बारीक हादरे कुणी मोजत नव्हतं.

थॉम्पसनने मानेच्या दुखापतीमुळे २००७मध्ये निवृत्ती घेतली, तो परतला, आणि २०११मध्ये मानेनेच त्याला पुन्हा थांबवलं. डिसेंबर २०२०मध्ये त्याने जाहीर केलं की आपल्याला स्मृतिभ्रंश झाला आहे. वय ४२. विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही.

त्यानंतर मी ती चित्रफीत पुन्हा लावली आणि किकच्या आधीच थांबवली. चेंडू डोक्यामागे धरून तो रांगेकडे बघतोय.